भुरीने काढलेलं तिसरं दार

भुरी घरी आली तेव्हा सुरुवातीचे तीन आठवडे मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, "काय गुणी आहे, कोपऱ्यात शांत बसून असते." आता ते आठवलं की पोटात कालवतं. ती घाबरलेली होती, आणि घाबरलेला ससा हालत नाही. मी तिला मांडीवर उताणी घ्यायचे, तेव्हा ती डोळे उघडे ठेवून निपचित पडायची. लाड आवडतात, असं मला वाटायचं. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ती भीतीने लुळी पडते, तसं करू नका. शिवाय उचलल्यावर सशाने जोरात लाथा झाडल्या तर त्याचा कणाही मोडू शकतो.

तेव्हापासून उचलणं बंद. रोज संध्याकाळी मी जमिनीवर पालथी पडून पुस्तक वाचायला लागले, तिच्याकडे न बघता. चौथ्या दिवशी कोपराला मिशा लागल्या. मग तिने पुस्तकाच्या कोपऱ्यावर हनुवटी घासली, एकदा, दोनदा. सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असतात. हनुवटी घासली म्हणजे ती वस्तू त्याची झाली. पुढच्या तासाभरात माझी चप्पल, टेबलाचा पाय आणि माझा गुडघा, सगळं तिच्या मालकीचं झालं.

खेळायला काय द्यायचं, हे मात्र मला तिनेच शिकवलं. घंटी लावलेला चेंडू आणला, त्याला तिने हुंगलंसुद्धा नाही. चेंडू ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला, त्यात मात्र ती शिरली. मग मी त्या खोक्याला समोरासमोर दोन दारं कापली, कारण एकच वाट असलेली जागा सशाला सापळ्यासारखी वाटते. आत कागदाचे कपटे आणि वाळलेलं गवत भरलं. भुरीने पुढचे दोन्ही पाय जोडून असं काही उकरायला घेतलं, की कपटे मागच्या भिंतीवर जाऊन आपटले. मध्येच थांबून दाराचा काठ दातांनी ओढायची, तुकडा तोडायची, बाजूला टाकायची, आत-बाहेर करून बघायची आणि पुन्हा कामाला लागायची. बिळं खणणाऱ्या रानसशांची ही लेक, तिला उकरायला हवंच. गालिचाचा कोपरा कुरतडते म्हणून मी तिला रागावत होते. खोका आल्यावर तिने गालिचा जवळजवळ सोडलाच.

त्याच आठवड्यात दिवेलागणीला तिने पहिली उडी मारली. धावता धावता उंच उसळली आणि हवेतच अंगाला पीळ दिला, डोकं एकीकडे, मागचे पाय दुसरीकडे. ससे पाळणारे याला बिंकी म्हणतात. आनंदाची यापेक्षा स्पष्ट खूण नाही. थोड्या वेळाने धपकन कुशीवर पडून पाय ताणले, तेव्हा माझ्या काळजाचा ठोका चुकला होता. पण ती नुसती निवांत पडली होती.

ससे पहाटे आणि संध्याकाळी सर्वात तरतरीत असतात, म्हणून दुपारी मी तिला उठवत नाही. अगदी नाकासमोरचं सशाला दिसत नाही, म्हणून हात बाजूने नेते आणि कपाळ कुरवाळते. मग दातांची बारीक कुरकुर ऐकू येते, ती समाधानाची. तेच दात करकर वाजत असतील आणि ससा पोक काढून आखडून बसला असेल, तर ते दुखणं असतं. एका सकाळी भुरी तशीच बसली होती, गवताला तोंड लावलेलं नाही, एकही लेंडी नाही. त्याच तासाला दवाखाना गाठला. आतडी मंदावली होती, वेळेत उपचार झाले. सशाने खाणं सोडलं तर 'उद्यापर्यंत बघू' असं कृपा करून म्हणू नका. दहा-बारा तासही फार होतात.

कालपासून मात्र ती नाराज आहे. जुन्या खोक्याला तिने स्वतःच तिसरं दार काढलं आणि एक बाजू कोसळली. मी तो हलवताच तिने मागचा पाय धाडकन आपटला, रानात धोका दिसल्यावर ससे आपटतात तसा. नवा खोका त्याच जागी ठेवलाय, जुने कपटे भरून. सकाळपासून दोनदा हुंगून गेली. हनुवटी अजून घासलेली नाही.