स्लोटरप्लासच्या वाळूवर

शनिवार.

वारा होता, पाऊस नव्हता. इकडे सायकल काढायला तेवढं पुरतं. अ‍ॅम्स्टेलवेनहून अ‍ॅम्स्टरडॅमचं जुनं शहर टाळून थेट शहराच्या पश्चिमेला, स्लोटरमेअर या वस्तीत गेले. ऑफिसातला एक पुणेकर म्हणतो, ‘तिकडे काय बघायचंय? म्हाडाच्या इमारती!’ दिसायला तशाच आहेत, हे खरं. चार मजले, लिफ्ट नाही, सगळ्या एका रांगेत. पण दोन इमारतींच्या मधे भरपूर हिरवळ आणि झाडं आहेत, प्रत्येक घरात ऊन यावं म्हणून मुद्दाम मोकळं सोडलेलं अंतर आहे. नगररचनाकार व्हॅन एस्टरेनचा हा आराखडा महापालिकेने १९३५ सालीच मंजूर केला होता. मग युद्ध आलं. बांधकाम युद्धानंतर, घरांच्या भयंकर टंचाईत झालं. १९५२ मध्ये राणी युलियाना उद्घाटनाला आली.

स्लोटरप्लासच्या काठावर बराच वेळ बसले. तलाव दिसतो अगदी नैसर्गिक, पण आहे खोदलेला. इथली जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, भुसभुशीत. तिच्यावर इमारती उभ्या करायच्या तर भराव हवा, म्हणून खालची वाळू उपसली आणि आजूबाजूला पसरली. म्हणजे समोरच्या सगळ्या वस्तीखाली या तलावाच्या पोटातली वाळू आहे. खड्डा तीसेक मीटर खोल. त्यात आज पोरं शिडाची होडी शिकत होती, एक सारखी उलटत होती.

इथल्या चौकाचं नावच ‘प्लेइन ’४०-’४५’. युद्धाची वर्षं नावात, आणि खाली तुर्की-मोरोक्कन बाजार! कोथिंबिरीची भली मोठी जुडी घेतली. सुपरमार्केटात कुंडीत चार काड्या देतात, त्याला कोथिंबीर म्हणवत नाही.

त्या जुन्या चार मजली इमारतींपैकी बऱ्याच गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पाडल्या. नव्या आहेत चकचकीत, पण मधली हिरवळ आक्रसलीय. मला ते पटत नाही.

ओस्डोर्प ही पुढची वस्ती संपली की लाइंडेनला कालव्याचा बांध लागतो. पलीकडे हार्लेमरमेअर, १८५२ पर्यंत वाफेच्या पंपांनी उपसून कोरडं केलेलं अख्खं सरोवर, समुद्रसपाटीहून चारेक मीटर खाली. बांधावरून बाडहूवेडोर्प गावाच्या दिशेने जाताना डावीकडे कालव्यात बोटी, आणि उजवीकडे खाली शेतं, घरं. एका घराचं पन्हाळं जवळजवळ माझ्या पेडलच्या उंचीला होतं. मालक अंगणात कपडे वाळत घालत होता. वर बघून त्याने हात केला. डोक्याच्या वर कालव्याचं पाणी, भरवसा काय तो पंपांचा, आणि हा निवांत चिमटे लावतोय. मला तर तिथे झोपच लागली नसती.