वादळावरचं झाकण, म्हणजे कॅप, तुटणार का नाही, सगळं तिथेच अडतं

एप्रिल-मे, म्हणजे टोर्नेडोचा मोसम आला की आमच्या ओक्लाहोमात निम्मं पब्लिक हवामानतज्ज्ञ होतं. ऑफिसात कॉफी घेताना पण तेच, "आज एन्हान्स्ड आहे, उद्या मॉडरेट करतील बघ". नॉर्मनचं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर रोज वादळाच्या धोक्याचा नकाशा काढतं त्यातल्या ह्या चढत्या पायऱ्या, मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट आणि सगळ्यात वर हाय. आता लोक काय करतात, नुसता रंग बघतात. हाय असलं की घाबरायचं, स्लाइट असलं की बिनधास्त. आणि नवीन चेसर मंडळी, म्हणजे वादळाच्या मागे गाडी घेऊन फिरणारे, तर रंग बघूनच गाडी काढतात.

३ मे १९९९ घ्या ना. सकाळी नकाशावर फक्त स्लाइट होतं. कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये वरचे वारे बेताचे दिसत होते, मग न्यू मेक्सिकोतल्या विंड प्रोफायलरने, म्हणजे उंचावरचे वारे मोजणाऱ्या यंत्राने, ते चांगलेच जोरात असल्याचं दाखवलं, अकराच्या पुढे मॉडरेट झालं, आणि पावणेचारच्या सुमारास हाय. संध्याकाळी ब्रिज क्रीक-मूरचा एफ५, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा टोर्नेडो झाला, गाडीवरच्या फिरत्या रडारने मोजलेला वारा ताशी ३०० मैलांच्या वर, त्या एका टोर्नेडोत ३६ माणसं गेली. आणि उलटं बघायचं तर २० मे २०१९. हाय रिस्क, टोर्नेडोची शक्यता तब्बल ४५ टक्के, शाळा बंद, अख्खं शहर घरात बसलेलं, आणि टोर्नेडो झाले पण ज्या महाभयंकर दिवसाची तयारी होती तो काही आलाच नाही. दोन्ही वेळेला नकाशा काढणारी माणसं जगातली सगळ्यात तयार माणसं होती बरं का, त्यामुळे "ह्यांना काही कळत नाही" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, उठून जातो.

वादळाचं साहित्य कुठून येतं ते आता बऱ्यापैकी माहीत झालंय. मेक्सिकोच्या आखातातून दमट हवा वर येते, पश्चिमेकडून वाळवंटी कोरडी हवा, दोन्ही जिथे भिडतात ती ड्रायलाइन, बहुतेक वेळा टेक्सास पॅनहँडल, म्हणजे टेक्सासचा उत्तरेकडचा पट्टा, किंवा पश्चिम ओक्लाहोमात. ड्रायलाइन ओलांडली की थोडक्या मैलांत ड्यू पॉइंट, म्हणजे हवेतल्या ओलाव्याचं माप, धाडकन पडतो, गाडीची काच खाली असेल तर अंगाला कळतं. वर जेट स्ट्रीम, खूप उंचावरचा जोरदार वारा, त्यामुळे उंचीप्रमाणे वारा दिशा आणि वेग बदलतो आणि वादळ फिरायला लागतं. हे सगळं मॉडेल दोन-तीन दिवस आधी बरं सांगतं.

घोळ होतो तो कॅपचा. मेक्सिकोच्या पठारावरून तापलेली कोरडी हवा येऊन आपल्या दमट हवेवर झाकण घालते. झाकण अगदीच कमजोर असेल तर दुपारीच जिकडेतिकडे वादळं फुटतात, एकमेकांत मिसळतात, सगळा चिखल. फार घट्ट असेल तर दिवसभर उन्हात गाडी लावून निळं आकाश बघत बसा. मधलं काहीतरी असलं तरच संध्याकाळी पाचच्या सुमारास एखाददुसरी सुटी सुपरसेल, म्हणजे फिरणारं मोठं वादळ, उभी राहते, आणि हे तापमानाच्या एक-दोन अंशांच्या फरकावर ठरतं. म्हणून मी सकाळच्या बलूनचं साउंडिंग, म्हणजे उंचीप्रमाणे तापमान, ओलावा आणि वाऱ्याची मोजणी, बघतो, दुपारी जास्तीचा बलून सोडला असेल तर ते आधी, रंग नंतर.

दुपारनंतर मात्र मोबाइल बाजूला ठेवून डोळ्यांनी बघायचं. ड्रायलाइनवर ढगांचे मनोरे चढायला लागतात, त्यांच्या कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या टणक, कडक दिसल्या तर काम होणार. वर जाऊन पिंजल्यासारखे होऊन विरले तर समजायचं कॅपने खाल्लं, थांबा अजून. वादळ पकडलं की गवत बघा, वाऱ्याने वादळाच्या दिशेने झुकलेलं असेल आणि अंगाला कोमट दमट वारा लागत असेल तर ते अजून हवा ओढतंय. एकदम गार वारा समोरून आला की गाडीत बसायचं.

उभं कुठे राहायचं ह्यावर माझं मत पक्कं आहे, वादळ ईशान्येला चाललं असेल तर त्याच्या आग्नेयेला, आणि दक्षिणेला निघायला डांबरी रस्ता हवाच. ओक्लाहोमाच्या लाल मातीचे कच्चे रस्ते नकाशावर छान चौकटी-चौकटी दिसतात पण पाऊस पडला की चाकं जागच्या जागी फिरतात. ३१ मे २०१३ ला एल रीनोचा टोर्नेडो पावसात गुंडाळलेला होता, तो बघता बघता ४ किलोमीटरपेक्षा रुंद झाला, वळला, वेग बदलला, आणि त्यात टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि कार्ल यंग गेले. समारास म्हणजे ज्यांनी २००३ मध्ये साउथ डकोटात मँचेस्टरच्या टोर्नेडोच्या वाटेत यंत्र ठेवून हवेच्या दाबातली १०० मिलिबारची घसरण मोजली ते. सावधपणासाठी नावाजलेला माणूस. त्यामुळे "मी जवळून काढला व्हिडिओ" असं सांगणाऱ्यांचं मला कौतुक वाटत नाही.

पावसात लपलेलं वादळ असेल, अंधार पडत असेल किंवा मोठ्या शहराच्या जवळ असेल तर मी जातच नाही. तिथे वादळापेक्षा गाड्यांची गर्दी जास्त नडते, एल रीनोच्या दिवशी हायवे तुंबले होते. पश्चिम कॅन्ससमध्ये जा, मोकळे रस्ते, सपाट जमीन, आणि वादळ लांबून अख्खं दिसतं.