एम.ए. इंग्रजीला गट निवडताना

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आमच्याकडे गट घ्यावा लागायचा. पर्याय तीन: ब्रिटिश आणि अमेरिकन साहित्य, भारतीय इंग्रजी आणि अनुवादित साहित्य, नाहीतर भाषाविज्ञान आणि इंग्रजी अध्यापन. फॉर्म एका पानाचा, मुदत पंधरवड्याची, आणि सल्ले देणारी माणसं मात्र बारशाला नाव सुचवणाऱ्यांपेक्षा जास्त.

मामांचं एकच पालुपद होतं, "स्कोप कशात आहे ते बघ." वर्गातल्या मुलींचं वेगळंच. "तू मराठी मीडियमची ना? मग अनुवादवाला गट घे, तुला सोपा जाईल." हे 'सोपा जाईल' मला जरा झोंबलं. विक्रोळीच्या शाळेत मराठीतून शिकलं म्हणजे आयुष्यभर आपण त्याच एका खिडकीवर उभं राहायचं की काय? त्या गटाची ओढ नव्हती असं नाही. अरुण कोलटकरांची १९७६ साली पुस्तकरूपात आलेली इंग्रजी 'जेजुरी' मी टी.वाय.ला असताना अधाशासारखी वाचली होती. पण आवडीनं वाचणं वेगळं आणि त्यावर वर्षभर पंधरा-पंधरा मार्कांची उत्तरं लिहिणं वेगळं.

कामाचा सल्ला एका सीनियर ताईनं दिला. ती म्हणाली, "गटाचं नाव बघू नकोस, त्याच्या जुन्या प्रश्नपत्रिका बघ. तिथे वर्षभर तुला काय करायला लावणार आहेत ते कळतं." लायब्ररीतून तिन्ही गटांचे पेपर झेरॉक्स करून आणले आणि दादरच्या एका अभ्यासिकेत घड्याळ लावून सोडवायला बसले.

अमेरिकन साहित्याच्या प्रश्नाला पहिलं पान झरझर लिहून झालं. दुसऱ्या पानापासून मी सरळ सरळ पाणी घालत होते. वाचताना सापडलेलं परीक्षकाला पटेल अशा भाषेत ताणून लिहायचं, हे त्या गटाचं खरं काम. ज्यांना ते जमतं त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

मग भाषाविज्ञानाचा पेपर उघडला. 'पिन' आणि 'स्पिन' यांतल्या 'प'च्या उच्चारातला फरक सांगा, असा प्रश्न होता. 'पिन' म्हणताना इंग्रज माणसाच्या तोंडून हवेचा झोत बाहेर पडतो, 'स्पिन'मध्ये 'स'च्या पाठीमागून आलेल्या 'प'ला तो झोत नसतो. त्याच्या लेखी मात्र दोन्ही एकच ध्वनी, कारण झोत आला-गेला म्हणून शब्दाचा अर्थ काही बदलत नाही. मराठीत बदलतो. 'पळ' आणि 'फळ', 'कार' आणि 'खार', 'ताट' आणि 'थाट'. म्हणून आपल्या वर्णमालेत त्यांना वेगवेगळी अक्षरं आहेत. (निदान आजीच्या तोंडी तरी 'फळ' असं होतं, माझ्या पिढीचं 'फळ' इंग्रजी 'एफ'कडे सरकलंय.) खात्री करायला मी बेस्टचं तिकीट ओठांसमोर धरून "पिन, स्पिन" पुटपुटत बसले. तिकीट कधी हलतं, कधी हलत नाही. समोर एमपीएससीचा अभ्यास करणारा एक मुलगा होता. त्यानं थोडा वेळ पाहिलं आणि पुस्तकं उचलून दुसऱ्या टेबलावर गेला. घड्याळ लावलेलं मी विसरून गेले होते.

एक धास्ती उरली होती ती नेटची, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षेची. भाषाविज्ञान घेतलं तर साहित्य मागे पडेल आणि नेट हातची जाईल, असं बरेच जण सांगत. म्हणून नेटचा अभ्यासक्रमच काढून वाचला. इंग्रजीच्या पेपर दोनमध्ये १०० प्रश्न, २०० गुण आणि घटक दहा. नाटक, कविता, कथा-कादंबरी, गद्य, समीक्षा, सिद्धान्त, संस्कृती-अभ्यास, संशोधनपद्धती, भारतातली इंग्रजी हे सगळं आलं. भाषा आणि तिचं अध्यापन हा त्यातला एक घटक. म्हणजे कुठलाही गट घेतला तरी उरलेलं घरी बसून करायचंच आहे. मामांना हे समजावताना गटाच्या नावात 'अध्यापन' आहे एवढं ऐकूनच ते खूश झाले. मीही पुढे काही बोलले नाही.

खरी अडचण फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापली होती: ठरावीक संख्या झाली नाही तर गट रद्द, आणि विद्यार्थी दुसऱ्या पसंतीच्या गटात. भाषाविज्ञानाला फारसं कुणी फिरकत नसे. मग मुदत संपेपर्यंत मी आणि आणखी एकीनं कॅन्टीनमध्ये चक्क प्रचार केला. "जाडजूड कादंबऱ्या वाचाव्या लागत नाहीत" हा मुद्दा सगळ्यात जास्त चालला, आणि तो खराही होता. 'पिन-स्पिन'चा प्रयोग करून दाखवला तर लोक हसून चहा संपवायचे. त्याच सुमारास त्या विषयाच्या मॅडमना भेटून लघुप्रबंधाचं विचारून घेतलं. कुणी कितीही हुशार असलं तरी गाइडकडे वेळ आहे का, हे आधी विचारलेलं बरं.

यादी लागली तेव्हा गट जेमतेम भरला होता. लघुप्रबंधाला मी लेडीज डब्यातल्या विक्रेत्या बायकांची बोली घेतली. एकाच वाक्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी कुठे, कशी सांधली जाते ते टिपायचं. रेकॉर्डिंगआधी परवानगी घ्यायची, हा मॅडमचा नियम. पहिल्याच क्लिपवालीनं परवानगी दिली, पण अटीवर: "आधी दोन डझन पिना घे."