‘टेक ऑन मी’ आणि आमचा रोटो विभाग

गोरेगावच्या एका स्टुडिओत मी रोटो आर्टिस्ट आहे. चित्रित दृश्यातल्या माणसाची कड फ्रेमगणिक आखून त्याला पार्श्वभूमीपासून वेगळे काढणे हे आमचे रोजचे काम, आणि त्यात रेषा जराही थरथरली की शॉट परत येतो. त्यामुळे एका जाहिरातीतल्या नटीचे चालते-बोलते पेन्सिलचित्र करायचे ठरले, तेव्हा पहिल्या चाचणीत प्रत्येक रेषा गुळगुळीत उतरली होती; मात्र चेहऱ्यात जीव नव्हता.

त्या दुपारी सुपरवायझर मॅडमनी नॉर्वेच्या ‘आ-हा’ या बँडच्या ‘टेक ऑन मी’चा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला आणि एकेक फ्रेम पुढे सरकवली. दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन यांनी आधी खऱ्या कलाकारांवर चित्रीकरण केले. मग मायकेल पॅटरसन आणि कँडेस रेकिंजर यांनी सुमारे ३००० फ्रेम हाताने रेखाटल्या, ज्याला १६ आठवडे लागले. कॉमिकमधून हात बाहेर येतो आणि कॅफेत बसलेली मुलगी तो धरून कागदात शिरते, तिथून पुढे बँडचे गायक मॉर्टन हार्केट यांच्या गालावरची छटा दर चित्रात थोडी बदलते. आम्ही ज्याला दोष म्हणून पुसतो, तीच अस्थिरता तिथे श्वासासारखी चालू होती. संगणकाविना केलेले ते काम इतक्या जवळून पाहताना मला भरून आले.

या गाण्याची १९८४ मधली पहिली आवृत्ती चालली नव्हती. संगीत निर्माते ॲलन टार्नी यांनी ते नव्याने ध्वनिमुद्रित केले, त्याला हा व्हिडिओ मिळाला आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. तिथे बँडची ओळख मात्र या एकाच गाण्यापुरती उरली, हे मला अन्यायाचे वाटते. ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक ‘टेक ऑन मी’ला नव्हे, तर ‘द सन ऑलवेज शाइन्स ऑन टी.व्ही.’ला मिळाला होता, आणि त्याच्या व्हिडिओच्या आरंभी तीच प्रेमकथा पुढे सरकून नायक पुन्हा रेषांमध्ये विरघळतो.

दोन कीफ्रेममधल्या, म्हणजे हाताने आखलेल्या दोन मुख्य फ्रेममधल्या, रेषा सॉफ्टवेअरकडून भरून घेणे आम्ही थांबवले आणि केस, पापण्या, हनुवटीखालची सावली दर फ्रेमला नव्याने काढली. काम कितीतरी पटींनी वाढले, पण नटीची नजर जिवंत झाली. शॉट तपासणीला पाठवताना मॅडमनी सोबत टीप जोडली : रेषांची थरथर हेतुपुरस्सर आहे, काढू नये.