विकणे आहे: ल रोन, नऊ सिलिंडरचे

ऐपतीबाहेरच्या वस्तूंच्या जाहिराती मन लावून वाचण्याची मला जुनी खोड आहे आणि दुपारच्या जेवणानंतर ती विशेष बळावते. परवा अशाच वेळी विमानाचे एक फ्रेंच एंजिन विक्रीला निघालेले दिसले. ल रोन ९सी, पहिल्या महायुद्धाच्या काळातले, नऊ सिलिंडर, ८० अश्वशक्ती. हाताने फिरते, मॅग्नेटो (ठिणगी पाडणारे यंत्र) नाही, किंमत विचारल्यास कळवली जाईल. छायाचित्रात ते लाकडी घोडीवर बसवलेले होते आणि प्रत्येक सिलिंडरकडे जाणारी तांब्याची नळी चिंचेने घासलेल्या तांब्यासारखी लखलखत होती.

‘हाताने फिरते’ हे वाचून मौज वाटली, कारण हे एंजिन सबंधच फिरत असे. क्रँकशाफ्ट, म्हणजे एरवी फिरणारा मधला दांडा, विमानाच्या सांगाड्याला पक्का जखडलेला आणि नऊच्या नऊ सिलिंडर पंख्याबरोबर मिनिटाला सुमारे १२०० फेरे घेत आहेत, अशी ही उफराटी रचना होती. वाऱ्यानेच सिलिंडर थंड होत आणि पाण्याचे ओझे वाचे. १९१६ साली फ्रान्समधल्या व्हर्दूनच्या लढाईत आकाशात लढलेले न्यूपोर ११ हे चिमुकले विमान याच एंजिनावर उडे. याच्या ११० अश्वशक्तीच्या थोरल्या भावाची जर्मनांनी नक्कल केली आणि ती फोकर कंपनीच्या, एकावर एक तीन पंख असलेल्या विमानात बसवली, त्यामुळे एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या दोन्ही विमानांचे एंजिन मुळात फ्रेंचच असण्याचा प्रसंग अनेकदा आला असेल.

जाहिरातीत वासाचा उल्लेख नव्हता, आणि खरी गंमत तर वासातच आहे. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण क्रँककेसमधूनच, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पेटीतूनच, सिलिंडरकडे जात असल्यामुळे पेट्रोलमध्ये सहज न विरघळणारे वंगण हवे होते, ते म्हणजे आपले एरंडेल. एकदा वापरलेले तेल परत टाकीत येत नसे. धुराबरोबर ते बाहेर फेकले जाई आणि त्यातले बरेचसे वैमानिकाच्या चष्म्यावर, कपड्यांवर आणि नाकातोंडात जाई. एरंडीचे बी मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातून युरोपात जात असे. नाकेबंदीमुळे जर्मनीला ते मिळेना, तेव्हा पर्यायी तेलावर त्यांची एंजिने कुरकुरू लागली.

आमच्या लहानपणी सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात आजी कोऱ्या चहात एरंडेल घालून, पेला रिकामा होईपर्यंत समोर उभी राहत असे. चहावर तरंगणाऱ्या त्या जाड पिवळट चकत्या आणि नंतर हातावर ठेवलेला गुळाचा खडा मला अजून स्पष्ट आठवतो. त्या दिवशी अंगणापलीकडे खेळायला जाण्याचे धाडस कोणी करीत नसे. तासन्‌तास हे तेल हुंगणाऱ्या वैमानिकांच्या पोटाचीही तीच गत होई, असे सांगतात. त्या उघड्या विमानात, हजारो फुटांवर, मागे शत्रू लागलेला असताना! त्यांच्या शौर्याबद्दल मला आदर आहेच, पण सहानुभूती मुख्यतः या कारणाने वाटते.

हे एरंडाचे गुऱ्हाळ लावण्याचे कारण म्हणजे अशा एंजिनांवर काच ठेवून त्यांची दिवाणखान्यातली टेबले करतात, हे मला मुळीच आवडत नाही. टेबल करणाऱ्यास विकले जाणार नाही, अशी अट जाहिरातीत घालायला हवी होती. पण नऊ सिलिंडरचा पसारा घरातून हलवायचा असेल, तर विकणारा तरी अटी कुठवर घालणार?