एमबीएसाठी चार ठिकाणी निवड झाल्यावर: माझा अनुभव

व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी कशी करावी, मुलाखतीत काय बोलावे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण एकाहून अधिक ठिकाणी निवड झाल्यावर त्यांतले कोणते स्वीकारावे आणि ते ठरवण्यापूर्वी कोणाला काय विचारावे, हे सांगणारे मला तरी फारसे कोणी भेटले नाही. २०२४ च्या प्रवेशवर्षात ती वेळ माझ्यावर आली. मी डिचोलीची. खांडोळ्याच्या शासकीय महाविद्यालयातून बी.कॉम. झाल्यावर कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या लेखा विभागात मी काम करत होते आणि नोकरी सांभाळूनच नोव्हेंबर २०२३ मध्ये कॅट, डिसेंबरमध्ये स्नॅप आणि जानेवारीत झॅट या परीक्षा दिल्या होत्या. गुण बरे होते. आयआयएमचे बोलावणे येण्याइतके नव्हते.

एप्रिल संपेपर्यंत तीन ठिकाणांहून निवडपत्रे आली. पहिले पुण्यातल्या एका अभिमत विद्यापीठाचे, दुसरे बंगळुरूच्या एका खासगी संस्थेचे आणि तिसरे गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या ‘जिम’चे. फादर रोम्युआल्ड डिसोझा यांनी १९९३ मध्ये रायबंदरच्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत सुरू केलेली ही संस्था आता साखळीजवळ पर्ये येथे आहे, आणि डिचोलीहून ती हाकेच्या अंतरावर म्हणावी अशी आहे. तिथे माझी निवड आरोग्यसेवा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमासाठी झाली होती. चौथा पर्याय ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठाचा होता. तिथल्या गोवा बिझनेस स्कूलमध्ये एमबीएसाठी मी अर्ज केला होता, पण त्यांची यादी जूनमध्ये लागणार होती. बंगळुरूचा पर्याय मी लवकरच सोडला, कारण तिथल्या शुल्कात वसतिगृह, लॅपटॉप आणि परदेश दौरा हे सगळे सक्तीने जोडलेले होते आणि एकूण आकडा आमच्या घराला पेलणारा नव्हता.

महाराष्ट्राच्या सीईटीचाही मी विचार केला होता. पण त्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत ८५ टक्के जागा महाराष्ट्रातल्या उमेदवारांसाठी असतात आणि अखिल भारतीय उमेदवारांसाठी १५ टक्के. आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर असलेल्या दोडामार्गची मुलगी पहिल्या गटात आणि मी दुसऱ्या. कर्नाटकाच्या वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी भाषक उमेदवारांसाठी त्या नियमांत वेगळा प्रकार आहे. गोव्यातल्या मराठी भाषकांसाठी तसे काही नाही. तक्रार म्हणून हे लिहीत नाही, पण पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या अनेक मुलांना हे अर्ज भरतानाच कळते, म्हणून नोंदवले.

खरी ओढाताण निवडीपेक्षा तारखांची होती. पुण्याच्या विद्यापीठाने पहिला हप्ता मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात भरायला सांगितला आणि पत्रातच ‘भरलेले शुल्क कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असे छापले होते. गोवा विद्यापीठाचा निर्णय त्यानंतर महिनाभराने यायचा होता. म्हणजे हातची जागा सोडून थांबायचे, की पैसे अडकवून थांबायचे, एवढाच प्रश्न उरत होता. प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने नेमक्या याच घाईत विचार थांबवावा अशी या वेळापत्रकांची रचना असावी, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. आमच्या कारखान्याच्या लेखापरीक्षकांनी मला विद्यापीठ अनुदान आयोगाची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना वाचायला सांगितली. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास, प्रक्रिया शुल्काची मर्यादित रक्कम वजा करून सर्व शुल्क परत करायचे, आणि मूळ प्रमाणपत्रे संस्थेने ठेवून घ्यायची नाहीत, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. अभिमत विद्यापीठांनाही ती लागू आहे. ती छापून फाइलला लावली आणि मगच पुण्याचा हप्ता भरला. मूळ गुणपत्रिका मात्र दिल्या नाहीत. साक्षांकित प्रती दिल्या.

हप्ता भरल्यामुळे जो वेळ मिळाला तो मी तीन गोष्टी तपासण्यात घालवला.

पहिली गोष्ट पदवी आणि पदविकेची. एमबीए ही पदवी विद्यापीठच देऊ शकते. स्वतंत्र संस्था पीजीडीएम म्हणजे पदव्युत्तर पदविका देतात. आयआयएमनाही पदवी देण्याचा अधिकार २०१७ च्या कायद्यानेच मिळाला. बाबांना यात मोठा फरक वाटत होता, पण मला तो तितका वाटला नाही. खासगी नोकरीत हा भेद कोणी विचारत नाही, आणि पुढे पीएच.डी. किंवा सरकारी नोकरीसाठी लागल्यास त्या पदविकेला भारतीय विद्यापीठ संघाची समकक्षता आहे की नाही, एवढे पाहिले की काम भागते.

दुसरी गोष्ट कर्जाची, आणि तिने माझा सर्वांत जास्त वेळ घेतला. आमचे ट्रकांच्या सुट्या भागांचे दुकान आहे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्याफार सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्दबातल ठरवल्यावर पुन्हा थांबल्या, तेव्हा ट्रकमालकांचे हप्ते कसे तुंबले आणि त्यांच्याकडची आमची उधारी कशी बुडाली, हे बाबांनी गल्ल्यावर बसून पाहिलेले आहे. त्यामुळे कर्ज म्हटले की ते गप्प होतात. मी त्यांच्यासमोर वही उघडली. दहा लाखांचे कर्ज, १० टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत, तर महिन्याचा हप्ता १३,२१५ रुपये. मुदत सात वर्षे केली, तर १६,६०१. अभ्यासक्रमाची दोन वर्षे आणि त्यापुढे एक वर्ष हप्त्याला सवलत असते, पण त्या काळातले व्याज माफ होत नाही; ते भरले नाही तर मुद्दलात मिळते. बाबांनी आकडे दोनदा वाचले आणि एवढेच विचारले, “आणि पहिली नोकरी सहा महिन्यांत सुटली तर?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि तो प्रश्न मी नंतर प्रत्येक पर्यायाला लावला.

बँकेत गेल्यावर आणखी एक अडचण समोर आली, जी गोव्याबाहेरच्या माझ्या मैत्रिणींना समजावून सांगतानाही वेळ लागतो. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने स्थावर तारण मागितले. आमचे घर आजोबांच्या नावावर आहे. ते वारल्यानंतर वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया, झालेली नाही. गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक धरली जाते, त्यामुळे एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, आजोबांचे नाव असलेल्या त्या जागेचे तारण करायचे, तर बाबांबरोबर काका, आत्या आणि त्या सर्वांचे जोडीदार यांच्याही सह्या लागणार होत्या. आत्याचे यजमान भले माणूस आहेत, पण माझ्या शिक्षणासाठी त्यांनी वडिलोपार्जित हिश्श्यावर सही करावी, असे म्हणायला आईची जीभ रेटेना, आणि मलाही ते प्रशस्त वाटले नाही. व्यवस्थापकांनी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्ज योजनेची माहिती दिली. रक्कम मर्यादित असली तरी लहान शुल्काच्या अभ्यासक्रमाला ती पुरेशी ठरू शकते, हे तिथेच लक्षात आले आणि रहिवासी दाखल्यासाठी मी मामलेदार कचेरीत अर्ज करून ठेवला. (त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तीत विनातारण कर्ज मिळते. आज अर्ज करणाऱ्यांनी आपली संस्था त्या यादीत आहे का, हे आधी पाहावे. माझ्या वेळी ही योजना नव्हती.)

तिसरी गोष्ट नोकऱ्यांच्या आकड्यांची. माहितीपुस्तिकांत ‘सरासरी पॅकेज’ मोठ्या अक्षरांत असते. दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना सहा लाख आणि एकाला तीस लाख मिळाले, तर सरासरी आठ लाख चाळीस हजार होते, पण मध्यक, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, सहाच लाख राहतो. आणि मला मिळणारी नोकरी त्या नवांपैकी एक असण्याची शक्यता अधिक. म्हणून मी पुस्तिका बाजूला ठेवल्या आणि एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीसाठी संस्थांनी स्वतः सादर केलेली माहिती काढली. ती पीडीएफ स्वरूपात सर्वांसाठी खुली असते. त्यात किती विद्यार्थ्यांना प्रवेश दिला, किती जण वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांच्या वेतनाचा मध्यक किती, हे वर्षवार दिलेले असते. क्रमांकापेक्षा ही पाने कितीतरी बोलकी आहेत. पुण्याच्या पुस्तिकेतली सरासरी आणि या पानावरचा मध्यक यांत इतके अंतर निघाले की मी पाने पुन्हा ताडून पाहिली. दोन्ही आकडे खरे असू शकतात, हे लेखा विभागात काम केलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

पॅकेज म्हणजे हातात येणारा पगार नव्हे, हे तर मी महिन्याच्या महिन्याला पगारपत्रकात पाहत होतेच. कंपनीच्या एकूण खर्चात मूळ वेतनाच्या १२ टक्के भविष्यनिर्वाह निधीचा कंपनीचा हिस्सा असतो, ४.८१ टक्के ग्रॅच्युइटीची तरतूद असते (जी सर्वसाधारणपणे पाच वर्षे टिकल्याशिवाय मिळत नाही), विम्याचा हप्ता असतो आणि विक्रीच्या नोकरीत तर कामगिरीवर अवलंबून असलेला मोठा भाग असतो. हे सगळे वजा केल्यावर उरणाऱ्या रकमेतून पुण्या-मुंबईचे भाडे आणि १३,२१५ चा हप्ता काढला, की बाबांचा प्रश्न पुन्हा समोर येत होता.

माजी विद्यार्थ्यांशी बोलायचे ठरवले तेव्हा संस्थेने स्वतः जोडून दिलेले ‘दूत’ मी टाळले. लिंक्डइनवर दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले, शक्यतो बी.कॉम. असलेले आणि कोकणातले किंवा गोव्यातले लोक शोधले. ‘अभ्यासक्रम कसा आहे’ असे विचारले की सगळेच ‘छान’ म्हणतात, म्हणून मी विचारत गेले ते असे: पहिली नोकरी कॅम्पसमधून मिळाली की बाहेरून, तुमच्या वर्गातल्या किती जणांना वित्त विषय घेऊनही विक्रीची नोकरी घ्यावी लागली, तीच नोकरी आज टिकून आहे का. पुण्याच्या एका दादाने अगदी मोकळेपणाने सांगितले की वित्ताच्या बऱ्याचशा जागा आधी नोकरी केलेल्या अभियंत्यांना जातात आणि उरलेल्यांना बँकांची व विमा कंपन्यांची विक्रीची कामे मिळतात. पर्येच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या एका ताईशी बोलणे झाले, तेव्हा तिने रुग्णालये, औषध कंपन्या आणि आरोग्यविमा यांतल्या कामाचे इतके बारकाईने वर्णन केले की हे काम चांगले आहे आणि मला ते करायचे नाही, अशा दोन्ही गोष्टी मला एकदमच कळल्या. मला कारखान्याचा हिशेब, उत्पादनखर्च आणि खेळते भांडवल यांतच रस आहे. निवासी अभ्यासक्रमाचा खर्च घेऊन दुसऱ्या क्षेत्राकडे वळण्यात अर्थ नव्हता.

जूनमध्ये गोवा विद्यापीठाची यादी लागली आणि तिच्यात माझे नाव होते. मी रजा टाकून पठारावर गेले. नावाजलेल्या खासगी संस्थांसारखा झगमगाट तिथे नाही, आणि दरवर्षी येणाऱ्या कंपन्यांची रांगही तेवढी लांब नाही. हे मी स्वतःपासून लपवले नाही. पण वित्ताचे वैकल्पिक विषय मला हवे तेच होते, शुल्क खासगी संस्थांच्या तुलनेत फारच कमी होते, आणि वेर्णा, कुंडईकडच्या कारखान्यांत उन्हाळी प्रशिक्षण करण्याची मला मुभा होती, जिथे मी आधीच कोणाकोणाला ओळखत होते. मामा पुण्याला असतात, ते फोनवर म्हणाले, “अगं, गोव्यातच राहायचं तर एमबीए कशाला? मोठ्या शहरात दोन वर्षं काढ, ओळखी होतील.” त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. मोठ्या शहरातल्या वर्गमित्रांचे जाळे मी सोडत होते आणि त्याची किंमत आज मोजता येत नाही, हे मी त्यांना कबूल केले. पण कर्ज नसेल तर पहिली नोकरी सुटली तरी दुसरी शोधायला मला वेळ मिळेल, आणि ती शोधायला मुंबईला जायलाही कोणी अडवणार नाही, हे त्यांनाही शेवटी पटले. बाबांना ते आधीच पटले होते. ते बोलले नाहीत एवढेच.

विद्यापीठात प्रवेश निश्चित केल्याची पावती हातात आल्यावरच पुण्याचा प्रवेश रद्द केला. योगायोगाने त्याच जून महिन्यात आयोगाने २०२४-२५ साठी नवे परिपत्रक काढले होते, ज्यानुसार ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्याला पूर्ण शुल्क परत द्यायचे होते. मी रद्द करण्याचा अर्ज ईमेलने आणि पोचपावतीच्या टपालाने असा दोन्ही मार्गांनी पाठवला, सोबत परिपत्रकाची प्रत आणि माझ्या बँक खात्याचा तपशील जोडला. पहिले उत्तर ‘आमच्या नियमात बसत नाही’ असे आले. मी वाद घातला नाही. परिपत्रकातला तो परिच्छेद अधोरेखित करून तीच पत्रे पुन्हा पाठवली आणि खाली लिहिले की ठरलेल्या मुदतीत उत्तर न आल्यास आयोगाच्या ई-समाधान या तक्रार संकेतस्थळावर नोंद करीन. ती नोंद करावी लागली नाही. ऑगस्टमध्ये रक्कम खात्यावर जमा झाली, आणि तीतूनच मी विद्यापीठाच्या दुसऱ्या सत्राचे शुल्क भरले.