पॅरिसचा खांदा, ठाणे-वाशी लोकल

2023च्या फेब्रुवारीत पॅरिसला सँ लॉराँ या फॅशन घराण्याच्या शोमध्ये त्यांचा डिझायनर अँथनी व्हॅकारेलोने अवाढव्य खांद्यांची जॅकेटं दाखवली. खाली चोपून बसलेला पेन्सिल स्कर्ट आणि वर हा एवढा आडवा खांदा. कोपरखैरण्याहून घरी येताना फोनवर ते फोटो पाहिले आणि जीव अडकला तो अडकलाच. प्रत्यक्षात जॅकेट अंगावर यायला पुढची दिवाळी उजाडली.

आधी मॉलमध्ये जाऊन तयार ओव्हरसाइज ब्लेझर घालून पाहिला. माझी उंची 5 फूट 1 इंच. आरशात स्नेहसंमेलनात बाबांचा कोट घालून इन्स्पेक्टर झालेली चौथीतली मुलगी उभी होती. घरी येऊन फोटो पुन्हा नीट पाहिले तेव्हा लक्षात आलं, तिथे खांदा तेवढा मोठा आहे, खालचं सगळं आवरलेलं आहे. रेडीमेडवाले खांद्याबरोबर छाती, बाही, लांबी सगळंच फुगवतात. माझ्यासारखीचं मग गाठोडं होतं.

म्हणजे शिवूनच घ्यायला हवा होता. माझ्या नेहमीच्या लेडीज टेलरने हात जोडले, "ताई, ब्लाउज सांगा, ड्रेस सांगा, कोटाच्या भानगडीत मला पाडू नका." शेवटी नौपाड्यातल्या एका गल्लीत लग्नाचे सूट शिवणारे मास्तर सापडले. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला, मग चष्मा लावून पाहिला.

"माप चुकलंय हिचं."

"चुकलं नाही मास्तर, तसंच आहे ते."

"खांद्याची शिवण दंडावर उतरलीय. असं काम माझ्या दुकानातून बाहेर गेलं तर लोक मला हसतील."

माझा तीरा, म्हणजे या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंतचं माप, भरला 14 इंच. मी म्हटलं, 16 लिहा. त्यांनी मान डोलावली आणि वहीत साडेचौदा लिहिलं. हे मला ट्रायलला कळलं. कच्च्या टाक्यातला कोट असा काही चपखल बसला की मी बँकेत पीओ म्हणून आजच रुजू होऊ शकले असते. पुन्हा वाद, पुन्हा चहा. नशिबाने त्यांनी शिवणीत भरपूर माया सोडली होती. उसवून, आत जाड पॅड घालून खांदा एकदाचा 16वर गेला. लांबी मात्र मी कमरेच्या हाडापाशीच थांबवली. शेवटच्या ट्रायलला आरसा बघून मी मनातल्या मनात पॅरिसला पोचले.

कापडाबद्दल एवढंच, की आधी हौसेने लिनन घेतलं होतं. त्याचा कुर्ता शिवला तर तो गाडी रबाळ्याला पोचेपर्यंतच चुरगळतो, म्हणून कोटाला टेरी-रेयॉन घेतलं. ते वजनाने खाली पडतं, खोक्यासारखं उभं राहत नाही. 58 इंच पन्हा, दोन मीटर. कापड 1,700 आणि शिलाई 3,000. मास्तरांच्या मते शिलाईत वादाचे पैसे धरलेलेच नाहीत.

पहिल्या दिवशी कोट घालून ठाण्याला 10 नंबरवर वाशी गाडीत चढले. बसायला जागा नव्हती. हँडल धरायला हात वर केला आणि अख्खा कोट हाताबरोबर वर गेला. कॉलर कानाला, खालची कड बेंबीला. हात खाली घेतला तर गाडीच्या धक्क्याने तोल जायचा. मागून एक आवाज आला, "ताई, तुमचा खांदा आत घ्या जरा, माझ्या नाकात जातोय." ऐरोली, रबाळे, घणसोली अशी मी एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने कोट धरून उभी. रॅम्पवरच्या मुलीला हात वर करावा लागत नाही, हे मला ठाण्याला राहूनही आधी सुचलं नव्हतं.

संध्याकाळी थेट मास्तरांकडे. त्यांना हे ऐकून आनंदच झाला. म्हणाले, "खांदा उतरवला तेव्हा मुंढाही, म्हणजे बाही जोडतो तो घेरही, खोल गेला. मुंढा खोल असला की हात एकटा उचलला जात नाही, सगळं अंग ओढतो. आता कापलेलं कापड परत कुठून आणू?" बराच वेळ कोट उलटा करून बसले. मग उरलेल्या तुकड्यातून दोन चौकोन उरेब, म्हणजे विणीला तिरके, कापले आणि दोन्ही काखांत बसवले, आपल्या सदऱ्याला लावतात तसे. उरेब तुकडा ताणला जातो, त्यामुळे हात वर गेला तरी कोट जागेवर राहतो. पॅरिसच्या खांद्याला सदऱ्याची काख! बाहेरून काही दिसतही नाही.

राहिले पॅड. दुपारी घामाने ते ओले व्हायचे आणि गर्दीत शेजारणीला टोचायचे. ते सोडवलं आईने. "आमच्या वेळीही होतं हे फॅड. ड्रेसच्या आतले स्पंज धुतले की गोळा व्हायचे, म्हणून मी टिचबटणांवर लावायचे," असं तिने सहज सांगितलं. 1980च्या दशकातल्या त्या फोटोंना मी इतकी वर्षं हसत आलेय. आता माझे पॅडही टिचबटणांवर आहेत. ते डब्याच्या पिशवीत घालून जाते आणि ऑफिसच्या वॉशरूममध्ये लावते. गाडीत तो नुसता सैलसर कोट असतो, मीटिंगमध्ये खांदा उभा राहतो. पाठीच्या खालच्या भागातलं अस्तरही काढून टाकलंय. बाह्यांचं ठेवलं, नाहीतर घामात हातच सरकत नाही.

गेल्या महिन्यात मास्तरांकडे दुसऱ्या जॅकेटचा फोटो घेऊन गेले. ट्रायलला मी आरशाकडे वळणार तोच त्यांनी शटरच्या कडीकडे बोट दाखवलं.

"आधी ती कडी धरा. मग आरसा."